तिसरी हाक

भोर,
३ ऑक्टोबर २००६

प्रिय अश्विनी,

पाचगणीच्या वसतिगृहात दुपारच्या जेवणानंतर पाऊण तास सक्तीची झोप असायची, आणि तुला दुपारी झोप कधीच यायची नाही. जिन्यावर सिस्टरच्या बुटांचा आवाज आला की तू पुस्तक उशीखाली सारायचीस, भिंतीकडे तोंड करायचीस आणि अंगठा मुठीत दडवून डोळे मिटायचीस. खऱ्या झोपेत तुझे हात लहान मुलासारखे उघडे पडायचे. खोट्या झोपेत मात्र अंगठा मुठीत. हे तुला स्वतःलाही ठाऊक नसावं. शेजारच्या कॉटवरून मला सगळं दिसायचं आणि सहा वर्षांत मी ते कोणाला सांगितलं नाही. एकदा सिस्टरने माझ्यापाशी थांबून विचारलं, ही खरंच झोपली आहे का, तेव्हा मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी तू तुझ्या वाटणीचं केळं न बोलता माझ्या ताटात ठेवलंस. त्या शाळेत भोरच्या आपण दोघीच होतो. सुटीत एकाच एसटीने यायचो, वाईला गाडी बदलताना तुझ्या आईच्या थालीपिठाबरोबर माझ्या अम्मीचं लोणचं खायचो. त्या केळ्याची चव मला अजून आठवते, थोडी काळी पडलेली, फार गोड.

तुझं जाड पाकीट शुक्रवारी मिळालं. तोरण्यावर जायची इतकी नेटकी योजना मी आजवर पाहिली नाही. मुद्द्यांना आकडे, समासात वेळा, वेळांखाली पट्टीने मारलेल्या रेघा. पंधरा तारखेचा रविवार. तुझा अमृत आणि त्याच्या ऑफिसातले चार मित्र पुण्याहून परस्पर वेल्ह्याला येणार, तू आणि मी भोरहून जीपने. साडेसातला चढायला सुरुवात, अकरापर्यंत मेंगाईच्या देवळात, तिथून कोकण दरवाज्यातून बुधला माचीकडे, आणि मानसिंगराव जिथून पडले तिथे दुपारी एकच्या आत शिळा बसवायची. अमृतच्या बाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली म्हणून शिळा. ती वेल्ह्याच्या गेनूने डोक्यावरून न्यायची. हा तुझा पाचवा मुद्दा, आणि त्यापुढे कंसात लिहिलंस की त्यानेच न्यायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी येणार की नाही ते गुरुवारपर्यंत कळवायला सांगितलंस. मी येणार नाही. रोजे चालू आहेत, एवढं कारण दिलं असतं तरी तू मानलं असतंस. पण मला त्या पाचव्या मुद्द्याबद्दल लिहायचं आहे. गेनूच्या डोक्यावर ती शिळा चढता कामा नये. ते थांबवणं तुझ्याच हातात आहे, माझ्या नाही. का नाही ते शेवटी लिहिते, कारण ते लिहायचा धीर गोळा करायला मला चार पानं लागतील.

आधी डोंगराचं लिहिते, ते सोपं आहे. साडेसात म्हणजे उशीर. ऑक्टोबरचं ऊन नऊलाच डोकं तापवतं आणि त्या सोंडेवर सावलीला झाड नाही. सहाला चढायला लागा, म्हणजे भोरहून चारलाच निघायला हवं. चेलाडी फाट्यावर त्या वेळीही चहा मिळतो. पाणी माणशी तीन बाटल्या. टाक्यांचं पाणी या दिवसांत चांगलं असतं, पण अमृतच्या मित्रांच्या पोटांचा भरवसा नको. तुझा उजवा गुडघा दुखतो, उतरताना काठी घे. दुपारनंतर वर धुकं येतं, हे मी तुला सांगायला नको. आता बिनी दरवाज्याच्या खालचा कातळ. तिथे गज बसवलेत, आणि ते दोन्ही हातांनी धरल्याशिवाय धडधाकट तरुणही वर सरकत नाही. गेनू पासष्टच्या पुढचा. डोक्यावर बावीस किलोंची शिळा, एक हात तिला लावलेला. मग गज धरायला राहिला एक हात. तुझ्या योजनेत प्रत्येकाच्या बाटलीचा, टोपीचा, डब्याचा विचार आहे. गेनूच्या दुसऱ्या हाताचा विचार तू केला नसशील असं मला म्हणता येत नाही. तू तो केला असणार. तू काही विसरत नाहीस.

गेनू कसा झालाय हे तू पाहिलेलं नाहीस. तू निरोप पाठवतेस, तो हो म्हणतो, एवढंच. वेल्ह्यात त्याला आता दोनहाक्या म्हणतात. पूर्वी पुण्या-मुंबईहून चढायला येणारे लोक त्याचं नाव विचारत यायचे. तो वाटाड्या होता, नेहमी चार पावलं पुढे चालायचा आणि मागे न बघता सांगायचा की तिसऱ्या माणसाचा पाय मुरगळलाय. मानसिंगराव गेले तेव्हाच ते बंद झालं. आता दोन खाचरं भात आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांच्या म्हशी. त्याचा जुना नियम तुला आठवत असेल, त्यानेच चढताना आपल्याला सांगितला होता. डोंगरात धुकं असलं की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. चकवा दोनदाच हाक मारतो, आणि ओ दिली की माणसाला कड्यावर नेऊन सोडतो. खरं माणूस असलं तर ते तिसऱ्यांदा हाक मारतंच, आणि तिसरीला मात्र असेल तसं उठून धावायचं. बापाने त्याला हे शिकवलं, बापाला आज्याने. त्या दिवसानंतर गेनूने हा नियम सोडला. आता कुणीही हाक मारली की ती पुरी व्हायच्या आत तो आलो म्हणून धावतो. हातातला घास टाकून धावतो. गावातली माणसं, पोरं नव्हेत, मिशा पिकलेली माणसं, बांधाआड बसून त्याच्या नावाने ओरडतात आणि तो चिखल तुडवत आला की पोट धरून हसतात. रखमाजी म्हणून एक आहे, त्याने एका दुपारी त्याला सात वेळा पळवला. सातव्यांदाही गेनू आला. धोंडाबाई, त्याची बायको, हे मला भात पाखडता पाखडता सांगत होती. तिचं सूप थांबलं नाही.

शिळेवरचा मजकूर तू मला शुद्धलेखन तपासायला पाठवलास. "कै. मानसिंगराव यांच्या स्मृतीस. याच जागेवरून त्यांनी दोन हाका दिल्या. ओ देणारा कोणी नव्हता." शुद्धलेखन बरोबर आहे. गेनूला वाचता येत नाही. म्हणजे स्वतःवरचा ठपका तो स्वतःच्या डोक्यावरून वर नेणार, आणि तिथे अमृतचे मित्र तो मोठ्याने वाचणार, आणि गेनू हात जोडून उभा राहील. शाळेत तुझ्या निबंधांना पैकीच्या पैकी गुण मिळायचे ते शेवटच्या ओळीसाठी. मी तुझी वही मागून घेऊन ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. परवा ही ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

तरी मला आठवते ती धावणारी अश्विनी. टेबललँडवर शर्यती व्हायच्या. मी धावण्यात कायम शेवटची, म्हणून पितळेची शिट्टी माझ्याकडे दिलेली. मी ती वाजवली की तू सुटायचीस, वेण्या आडव्या व्हायच्या, आणि दुसऱ्या मुली निम्म्यात असताना तू परत फिरलेली असायचीस. शाळा सोडताना सिस्टरने ती शिट्टी मला देऊन टाकली. मग मी भोरला शिकवायला लागले, आणि एकविसाव्या वर्षी तुझं मानसिंगरावांशी लग्न झालं. भाताची गिरणी, गावात मान, ओटीवर सतरंजी आणि लोड. पहिल्या वर्षी मी आले तर तू दारात अनवाणी. मला वाटलं घरची रीत असेल. नंतर कळलं की तुझ्या चपला गिरणीतल्या कपाटात असतात आणि किल्ली मानसिंगरावांच्या कमरेला. देवळात जायचं तरी आधी गिरणीवर निरोप. त्यांना वाटलं तर चपला यायच्या. पाहुण्यांसमोर ते तुला "ए कॉन्व्हेंट" म्हणून बोलवायचे, इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायला लावायचे आणि तू वाचू लागलीस की डोळे मिचकावायचे. तुझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. दर गुरुवारी मी यायचे तेव्हा तुझी नजर आधी उंबऱ्यापाशी काढलेल्या माझ्या चपलांवर जायची. एकदा मी त्या मुद्दाम विसरून अनवाणी घरी गेले. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या माणसाने त्या परत आणून दिल्या, स्वच्छ पुसलेल्या, दोन्हींचे अंगठे कापलेले. त्यानंतरच्या गुरुवारी तू मला चहा दिलास आणि आपण हवेबद्दल बोललो.

एक्क्याण्णव सालची ती चढाई त्यांचीच योजना. कोणी गिरणीवाला मित्र तोरण्यावर जाऊन आला होता आणि त्याच्या बढाया यांना खपल्या नाहीत. आपण तोरणा चढू, आणि तिथून बुधला माचीवरून एकट्याने राजगडला उतरू, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. आमच्या कॉन्व्हेंटलाही डोंगर दाखवू, सोबतीला मास्तरीणबाईंना घ्या, असा मला निरोप आला. तुला त्यांनी स्वतःचे जुने कॅनव्हासचे बूट दिले, दोन नंबर मोठे, पुढे चिंध्या कोंबून. वेल्ह्यात सकाळी मी त्यांना माझी शिट्टी दिली, म्हटलं एकटे जाणार आहात, धुक्यात कामाला येईल. त्यांनी ती गेनूच्या कानाशी नेऊन वाजवली, तो दचकला तसे हसले, आणि ती माझ्या हातावर परत ठेवून म्हणाले की शाहिस्ताबाई, तुम्ही लग्न केलं नाहीत, एका पुरुषाचे कान वाचले. मी ती ड्रेसच्या खिशात टाकली. कातळापर्यंत तुझ्या टाचा सोलल्या होत्या. तू बसलीस तर ते गेनूला म्हणाले, हिला इथंच खुंट्याला बांध, उतरताना सोडू. साहेब हसले म्हणून गेनूही हसला. त्या हसण्याचा मला तेव्हा फार राग आला. आज वाटतं, मीसुद्धा अर्धवट हसलेच होते.

दोनच्या सुमाराला आपण कोकण दरवाज्यापाशी होतो. पश्चिमेकडून ढग चढत होते. गेनूने नको म्हणून सांगून पाहिलं. मानसिंगराव म्हणाले, आलो नाही परत तर समजा राजगडाकडे उतरलो, तुम्ही वेल्ह्याला जा. आणि गेले. अर्ध्या तासात धुकं इतकं दाट झालं की तटाचे दगड तेवढे दिसत होते. तू बूट काढून तटाच्या आडोशाला आडवी झालीस, दगडांकडे तोंड करून. मोज्यांवर रक्त वाळलं होतं. मी तुझ्या अंगावर माझी ओढणी घातली. तीन कधी वाजले कळलं नाही, आणि पहिली हाक आली. गेनूऽऽ अशी, खालून, लांबवलेली. गेनू ताठ उभा राहिला आणि त्याने मला हाताने थांबवलं. मग दुसरी. गेनूऽऽ. तो बोटावर मोजत होता. "आजून एक येऊ द्या, बाई," तो म्हणाला, "मानूस आसंल तर येतीच." आपण थांबलो. आली नाही. कितीतरी वेळ आली नाही. तुझ्यासाठी पाणी हवं होतं, बाटल्या रिकाम्या होत्या, म्हणून गेनू तटामागच्या खोलगटातल्या टाक्यावर गेला. जाताना मला म्हणाला, कान ठेवा. तो गेला, त्याच्या पावलांचा आवाज बंद झाला, आणि तिसरी हाक आली.

ती गेनूला नव्हती. ती "अश्विनीऽऽ" अशी होती. पूर्ण नाव, तिन्ही अक्षरं स्वच्छ. चोवीस वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा. माझा हात खिशात होता आणि बोटांत शिट्टी होती. एकदा वाजवली असती तर गेनू टाक्यावरून धावत आला असता आणि पंधरा मिनिटांत खाली पोचला असता. त्या बाजूच्या वाटा त्याला डोळे मिटून ठाऊक होत्या. मी शिट्टी वाजवली नाही. गेनू ओल्या हातांनी बाटल्या घेऊन आला आणि त्याने विचारलं, "तिसरी आली का वो, बाई?"

मी म्हटलं, "नाही आली."

त्याने सुस्कारा टाकला. चकवाच होता म्हणाला, साहेब उतरले असणार. मग मी तुझ्याकडे पाहिलं. ओढणीखालून तुझा डावा हात बाहेर आला होता. अंगठा मुठीत होता.

आपण अंधार पडायच्या आत वेल्ह्यात उतरलो. तू दोन कप चहा प्यायलीस आणि भजी मागवलीस. बूट तू हातात धरून आणले होतेस, ते हॉटेलच्या बाकाखालीच राहिले. दुसऱ्या दिवशी राजगडच्या बाजूला कोणी पोचलेलं नाही असं कळलं, तेव्हा शोध सुरू झाला. वाटेच्या खाली चाळीसेक फुटांवरच्या टप्प्यात ते सापडले. मांडीचं हाड मोडलं होतं, बाकी फारसं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत नक्की जिवंत होते. गेनूने काही लपवलं नाही. दोन हाका आल्या, तिसरी आली न्हाई म्हनून ओ दिली न्हाई, हे त्याने तुझ्या दिरांना गिरणीच्या आवारात उभं राहून सांगितलं. त्यांनी त्याला पोती ओढायच्या आकड्याने मारलं. त्याचा डावा खांदा त्यानंतर वर होत नाही. तू पायरीवर उभी होतीस, आणि तुझ्या पायात चपला होत्या, कपाटातल्या, अंगठ्यांवर पांढरी धूळ बसलेल्या. किल्ली तुझ्याकडे आली होती. तू एवढंच म्हणालीस, "दोन हाका ऐकून बसून राहिलास?" गेनूने तुझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी तेव्हा ओरडले, सोडा त्याला, मरेल तो. दोन नव्हे तीन, एवढं मात्र ओरडले नाही. नोकरी, अब्रू, माझ्या भाच्याचं, शब्बीरचं, जमत आलेलं लग्न, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी सोडवलं म्हणून गेनू दरवर्षी सुगी झाली की आंबेमोहोराची एक गाठोडी माझ्या दारात आणून ठेवतो. चौदा वर्षं मी तो भात खाल्ला. वास फार छान येतो.

मी खोटं का बोलले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. तुला सोडवायचं होतं हे खरं आहे. सिस्टरला हो म्हटलं होतं तसंच हे, असं मी मनाशी धरून बसले. मला वाटलं, आता ही धावेल. पुण्याला जाईल, शिकवेल, पायांत काय घालायचं ते स्वतः ठरवेल. पण तेवढंच म्हणून थांबले तर हेही खोटं होईल. तो आवाज खाली घाबरून ओरडत होता आणि वर मला बरं वाटत होतं. सकाळची शिट्टी आठवत होती. आणि तू काय केलंस, अश्विनी? तू त्यांचा फोटो ओटीवर लावलास, रोज ताजा हार. ते असते तर, ते म्हणायचे, त्यांना आवडायचं. अमृत तेव्हा पुण्याला शिकत होता, घरातलं त्याला थोडं दिसलं होतं, पण तू बापाला इतका मोठा केलास की आता त्याला फक्त फोटो आठवतो. शाळेत त्यांच्या नावाने धाडसाचं बक्षीस देतेस आणि ते मला वाटायला लावतेस. इतकं सगळं मी पाहत राहिले, कारण माझ्या मनात कायम थोडी शंका होती. वाटायचं, कदाचित मुठीत अंगठा नुसता थंडीने गेला असेल. कदाचित ती खरंच झोपली असेल, आणि मी एकटीच गुन्हेगार.

ती शंका तूच मिटवलीस. योजनेच्या दुसऱ्या पानावर, दहाव्या मुद्द्यात, अमृतने वर जे भाषण करायचं त्याचा कच्चा मजकूर आहे. त्यात तू लिहिलंस, "आईचं नाव घेऊन बाबांनी हाक मारली, तेव्हा दमलेली आई गाढ झोपेत होती." मी ती ओळ बोट ठेवून वाचली. गेनूने ऐकलेल्या दोन्ही हाका त्याच्या नावाच्या होत्या, त्याने सगळ्यांना तसंच सांगितलं. तुझ्या नावाची हाक डोंगरावर फक्त माझ्या कानांनी ऐकली होती, आणि मी ती आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. मग ती तुला कुठून कळली?

परवा रविवारी गेनू माझ्याकडे आला होता. शिळेसाठी डोक्यावर चुंबळ करायला जुनं मऊ कापड मागायला. मालकीणबाईंनी पंधरा वर्षांनी काम सांगितलंय, आता फिटेल सगळं, असं म्हणत होता. अमावास्येला उपास धरलाय म्हणाला. मी त्याला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. तिसरी आली होती, गेनू. मी खोटं बोलले. तुझा नियम खरा होता, तू चुकला नाहीस. तो ऐकत राहिला, आणि मग हसला, समजूत घालतात तसा. "रोजा हाय न्हवं तुमचा?" तो म्हणाला. "रोज्यात खोटं बोलू नगा, बाई. मला बरं वाटावं म्हनून सांगताय." मी शपथ घेतली. तरी तो मान हलवत राहिला. लई उपकार हायत तुमचे, पन हे ऱ्हाऊ द्या म्हणाला. मग उठता उठता बोलला, "मालकीनबाईंनी सांगितलं तर मानीन. त्यांचं कुंकू गेलंय. त्या कशाला खोटं बोलतील?" म्हणून हे पत्र. माझं खरं आता त्याच्या कामाचं राहिलं नाही. तुझं आहे. पत्राबरोबर शब्बीर काही वस्तू आणून देईल, त्या कोणाला द्यायच्या ते लिहिते. शिट्टी तुझी. ती मी पंधरा वर्षं वापरलेली नाही. गेल्या सुगीची भाताची गाठोडी मी सोडलेली नाही, ती धोंडाबाईला परत दे, कशासाठी ते तूच सांग. माझी निळी ओढणी, तीच जी तुझ्या अंगावर होती, ती धुऊन चौपदरी शिवली आहे. तू गेनूला काही सांगणार नसशील तर ती त्याला चुंबळीला दे, निदान टाळू तरी सोलणार नाही. या पत्राची दुसरी प्रत अमृतच्या नावाच्या पाकिटात शब्बीरपाशी आहे. पंधरा तारखेला तो वेल्ह्यात उभा असेल, आणि शिळा गेनूच्या डोक्यावर चढली तर ते पाकीट तिथेच अमृतच्या हातात देईल. शिळा तुझ्या अंगणात ठेव, मजकूर भिंतीकडे करून. आणि तीन हा शब्द गेनूला. निरोप पाठवू नकोस, पायांत चपला घाल आणि स्वतः वेल्ह्याला जा. बांधावर उभी राहून त्याला एकदाच हाक मार. तो पहिल्या हाकेला येतो.

तुझीच,
शाहिस्ता